मोहाखालची पुंगळी

मु. कारवाटोला, ता. मूल
२० मार्च २०२३

लच्छू, जय सेवा.

मी बोलून राह्यली अन् दिव्यानी लिहून राह्यली. दिव्यानी म्हंजे आपल्या अंकुशची बायको, जिच्या लग्नात तू तीनदा जेवला होता. मी शंभर शब्द बोलते तं ही वीस लिहिते. बाकीचे कुठी लपवते काय माहीत, म्हून घडीघडी वाचून दाखवाले लावते.

फोन काऊन नाई केला विचारशील. फोन इथी लागते फक्त तलावाच्या पारीवर, अन् पारीवर अर्धं गाव कान पसरून बसलं असते. पाकिटाच्या चिकटलेल्या कडेत माह्या डोक्याचा एक केस ठेवला आहे. केस नसला तं समज, पोस्टमननं पत्र वाचलं.

आता आयक. माह्या नातवाले, अंकुशले, जंगलखात्याच्या गार्डांनी धरून नेलं. चार दिस झाले, चंद्रपूरच्या जेलात आहे. बाबानं मले लग्नात जे मोहाचं झाड देलं, नाल्याजवळचं, त्याच्याखाली कोणीतरी सांबर मारलं. एक मांडी कापून नेली, बाकी तसंच टाकलं. फुलं वेचाच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून आपण जमीन कशी साफ करतो, तुले माहीत आहे. त्या काळ्या राखेत पितळेची पुंगळी चमकली, अन् गार्डाले सापडली. झाड कोणाचं? सुकरीबाईचं. सुकरीबाईच्या घरात मरद कोण? अंकुश. झालं. मंग घराची झडती घेतली, अन् धानाच्या ढोलीतून तुह्या भाटव्याची, माह्या मालकाची, जुनी भरमार बंदूक निघाली. भाटवा वारला, बंदूक नाई वारली.

पुंगळी सापडली, बंदूक सापडली, दोघींचं कागदावर लग्न लावून देलं त्याइनं. वकील म्हणते, बंदूक ठेवल्याचा गुन्हा लहान आहे, पण सांबराचे सात वरस पडू शकतात. दिव्यानीले पाचवा महिना लागला आहे. हे लिहू नको म्हणते. लिही म्हणलं.

अंकुशनं नाई मारलं. घरची कोंबडी कापाची झाली तं हा पोट्टा शेजाऱ्याले बोलावते. मंग कोणी मारलं? मले पोचूवर शक आहे. त्याचं झाड माह्या झाडाले लागून आहे, अन् चार दिसांपासून थो मले पाहून रस्ता बदलते. पोलिस पाटलावर पण शक आहे, कारण थो लई गोड बोलून राह्यला.

दुसऱ्या दिवशी फुलं वेचाले गेली तं राखेत मले आणखी एक पुंगळी सापडली. गार्डाची नजर चुकली, माही नाई. चंचीत तंबाखूसंगं ठेवली आहे, दिव्यानीशिवाय कोणाले माहीत नाई. तू चोवीस वरस फौजेत बंदुकाच दुरुस्त केल्या. सांग, ही पितळी डबी करते तरी काय? अन् भाटव्याची भरमार हिले खाते काय? कोर्टाची तारीख दहा एप्रिल आहे.

तुह्या हेमराज होळीले येतो म्हणला होता, आला नाई. त्याले म्हण, आत्या अजून जिती आहे.

तुही बाई,
सुकरी


बल्लारपूर
२५ मार्च २०२३

बाई, जय सेवा.

केस होता. पांढरा होता, म्हणजे तुझाच.

पत्र वाचलं. अंकुशला खांद्यावर घेऊन मी मूलचा बाजार फिरवला आहे. पण रडत बसत नाही, कामाचं लिहितो. दिव्यानी, हे आजीला सावकाश वाचून दाखव आणि वकिलालाही दे.

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी हे घर. घराच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी, तिच्यात काडीपेटीच्या गुलासारखा मसाला. पुंगळीत दारू. आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. हे रायफलीत घालून बोल्ट पुढे ढकलला आणि खाली वळवला, की मागचं दार बंद. आत एक पिन असते, तिच्यामागे दाबलेली स्प्रिंग, आणि पिनेला अडवून धरणारा एक खटका. चाप ओढणाऱ्याला वाटतं, गोळी आपण मारली. माणूस फक्त खटका सोडतो, पुढचं आपोआप होतं. पिन धावते, टोपीला ठोसा देते, टोपी पेटते, ज्वाळा बारीक भोकातून दारूत जाते. दारूचा वायू होतो आणि वायूला एकच रस्ता मोकळा असतो, गोळीला ढकलत नळीतून बाहेर. पितळच का, तर पितळ फुगतं. धडाक्याबरोबर पुंगळी फुगून नळीच्या घराला चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसते. म्हणून बोल्ट मागे ओढला की ती सुटून बाहेर उडते. तुझ्या राखेत पडली ती अशी.

आता भरमार. तिला मागचं दारच नाही. दारू तोंडातून ओतायची, चिंधी, छर्रे, मग गजाने ठासायचं. बोल्ट नाही, पिन नाही, पुंगळी बसायला जागा नाही. अंकुशच्या भरमारीतून ही पुंगळी निघणं म्हणजे कोंबडीला वासरू होणं. वकिलाला बंदूक म्हणजे बंदूक वाटली असेल, गार्डालाही तेच. कोर्टात हे सांगायला जाणता माणूस लागेल. मी येतो. दहा तारखेला मूलला उभा राहतो.

अजून एक. प्रत्येक पिनेचा घाव वेगळा असतो, अंगठ्यासारखा. माझ्या परवान्याच्या रायफलीची पिन मी स्वतः बदलली, तेव्हा ती मधून जराशी सरकली. तिचा घाव मी हजारात ओळखीन. फौजेत रिकाम्या पुंगळ्या वेचून परत द्याव्या लागत, एक कमी पडली की सारी तुकडी गवतात रांगायची. ती सवय अशी, की अजून रस्त्यात बाटलीचं बूच दिसलं तरी मी वाकतो. तेव्हा तुझी पुंगळी पोस्टाने पाठवून हरवू नकोस. बुडाला काजळ लाव आणि अंगठा देतेस तशी कागदावर दाब. बुडावर कोरलेली अक्षरं उलटी उमटतील, मी आरशात वाचीन. कोणाची बंदूक ते कळलं नाही तरी कोणत्या जातीची, एवढं सांगता येईल.

हेमराजला निरोप दिला. कोळशाच्या ट्रकांच्या मागे असतो, म्हणून होळीला जमलं नाही म्हणाला.

लच्छू


कारवाटोला
२९ मार्च २०२३

लच्छू,

तुह्यं पत्र दोनदा वाचून घेतलं. चौथीत दोन वरस बसलेला पोट्टा मले पितळ काऊन फुगते थे सांगून राह्यला! बाबा असते तं पोस्टमनले पण मोहाची पाजली असती.

पण भरमारीचं तुले काय माहीत. भाटवा डुकरं हाकलाले जाये तं दारू मी ठासून देत होती. पावसात टोपी ओली झाली की घोडा नुसता टक् करे, अन् डुक्कर उभं राहून आमच्याकडे पाहे. अन् झाडली तरी धूर इतका, का डुक्कर मेलं का पळालं थे धूर विरल्यावर समजे. अशा बंदुकीनं सांबर मारलं म्हणतात! सांबर हसून मेलं असन.

वकिलाले तुह्यं पत्र दाखवलं. त्याले पटलं, पण म्हणे कागद नाई चालत, माणूस पाह्यजे. तू येऊन राह्यला सांगतलं, तं पह्यल्यांदा त्यानं मले बसाले खुर्ची देली.

बाजारात पोचूले चार माणसांत विचारलं, काऊन गा पोचू, सांबर कसं लागलं? त्यानं मान खाली घातली अन् कांद्याची थैली तशीच ठेवून चालला गेला. आता मले शक नाई, खात्री आहे.

खाली छाप देला आहे. काजळ दिव्यानीचं, दाबणं माह्यं.

(आजोबा, मी दिव्यानी. अक्षरं नीट उमटली आहेत. टोपीवरचा खड्डा मधोमध नाही. एका कडेला सरकलेला आहे, भाताच्या दाण्यासारखा लांबट. तुम्ही याच, हं. मी जेलात भेटीला गेले की ते हेच विचारतात, आजोबा कधी येणार.)

कंसात काय लिहिलं विचारलं, तं म्हणते खुशाली. एवढी लांब खुशाली!

सुकरी


बल्लारपूर
७ एप्रिल २०२३

बाई,

छाप मिळाला. काजळ पसरलं आहे, त्यावरून काहीच सांगता येत नाही. असले छाप कोर्ट मानतही नाही. पुंगळी जवळ बाळगणं तुझ्याच अंगाशी येईल, तेव्हा कोणाला न दाखवता उमा नदीत टाकून दे.

माझे गुडघे धरले आहेत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. दहाला येणं होणार नाही. वकील हुशार दिसतो, तो बघेल.

तब्येतीला जपावं.

लच्छू


कारवाटोला
११ एप्रिल २०२३

लच्छू,

जामीन नाई भेटला. वकिलानं सांगतलं का पुंगळी या बंदुकीची नोहे. न्यायाधीशबाईनं विचारलं, हे कोण सांगते? वकील वर पंख्याकडे पाहाले लागला. पंखा काही बोलला नाई. पुढची तारीख अठ्ठावीस देली. अंकुशनं जातानी विचारलं, आजी, आजोबाची गाडी चुकली काय? मी म्हणलं, हो. माह्या तोंडून तुह्यासाठी खोटं निघालं, थे लक्षात ठेवजो.

काजळ पसरलं म्हणतो? त्याच काजळानं, त्याच पुंगळीचे दिव्यानीनं आणखी तीन छाप काढले. तिन्ही कोंबडीच्या डोळ्यासारखे साफ. एका पिनेवर तू दोन पानं लिहिली, अन् माह्या छापावर तीन ओळी. अन् गुडघे! गुडघे तं तुह्ये वीस वरसांपासून दुखून राह्यले, त्याच गुडघ्यांनी तू या पोट्टीच्या वरातीत नाचला.

मंग मी दिव्यानीले म्हणलं, लच्छूचं पह्यलं पत्र काढ. मधून सरकलेली पिन. हजारात ओळखीन. ही पोट्टी वाचता वाचता थांबली. मी म्हणलं, थांबू नको, मले समजलं.

या गावातला माणूस दुसऱ्याच्या मोहाखाली फूल उचलाले वाकत नाई. शिकारीले तं बसतच नाई, पंच दंड लावतात. म्हून तिथी बसला थो एक तं परका, नाई तं घरचा. अन् पहाटे सांबर कोणत्या झाडाखाली फुलं खाले येते, हे परक्याले कसं माहीत? बाबानं तुले दाखवलं. तू हेमराजले दाखवलं, थो दहा वरसाचा होता, मी संगं होती.

काल पोचूच्या घरी गेली, त्याच्या कांद्याची थैली घेऊन. माफी मांगतली. थो रस्ता काऊन बदलत होता, माहीत आहे? त्यानं त्या पहाटे नाल्याच्या रपट्यावर पांढरी गाडी पाह्यली. बंदूक घेऊन उतरणारा माणूस ओळखीचा निघाला. तुमच्या माहेरचं नाव तुमच्यासमोर कसं घेऊ बाई, म्हणला, अन् रडला. साऱ्या बाजारासमोर मी ज्याले चोर केलं, थो माही लाज राखून राह्यला होता.

पुंगळी नदीत नाई टाकली. वकिलाले देणार आहे. त्याच्या आधी तुले विचारते, कारण तू माह्या पाठचा आहे. हेमराज होता काय?

लिहिणं जमत नसन तं खोटं लिहू नको. कोरा कागद पाठव. मले तेवढाच वाचता येते.

सुकरी


बल्लारपूर
१६ एप्रिल २०२३

बाई,

कोरा कागद दोनदा पाकिटात घातला, दोनदा काढला.

तुझा छाप आला त्याच दिवशी रायफल बाहेर काढली. तिची एक जुनी पुंगळी माझ्या डब्यात होती, तिचा छाप तुझ्या छापाशेजारी घेतला. आरशाची गरज पडली नाही.

रायफल माझी, परवाना माझा. त्या पहाटे मीच गेलो होतो. म्हातारपणी हौस आली, सांबर मीच मारलं. हेमराज नुसता गाडी चालवायला होता, झाडापर्यंत आलाही नाही. पोचूला अंधुक उजेडात चुकीचं दिसलं. अठ्ठावीसला मूलला येऊन हेच सांगणार आहे. अंकुश सुटेल. माझी सहासष्ट झाली, माझं आता काय राहिलं. हेमराजची दोन लेकरं शाळेत आहेत.

पुढे काही विचारू नकोस.

लच्छू


कारवाटोला
१८ एप्रिल २०२३

लच्छू,

आधी हसू आलं, मंग राग आला. अरे, खोटं बोलाचं तं नीट तरी बोल!

त्या झाडाखाली तू बसला असता, तं मले राखेत पुंगळी सापडली असती काय? रस्त्यातलं बूच उचलणारा माणूस तू. काळ्या राखेवर पिवळं पितळ, आंधळ्यालेही दिसन असं. एक गार्डाले, एक मले. दोन पुंगळ्या तशाच टाकून, एक मांडी कापून, बाकीचं जनावर सडाले ठेवून जाणारा माणूस फौजेत चोवीस वरस राह्यलेला नोहे. बाबाच्या हाताखाली शिकलेलाही नोहे. आपल्या घरी शिकार आली तं पह्यला घास पेनाले, आपल्या देवाले, मंग खुरापर्यंत साऱ्या टोल्याचा वाटा.

तू कोर्टात उभा राहून मीच म्हणशील, तं मी मागून उठून म्हणीन, बाईसाहेब, हा माह्या भाऊ आहे अन् लहानपणापासून खोटारडा आहे. पोचू पण येणार आहे. मंग तू पण जाशील, हेमराज पण जाईन, अन् अंकुशचं काय होईन थे पंख्याले विचारावं लागन.

हेमराजची दोन लेकरं शाळेत आहेत. अंकुशचं पोटात आहे. मी कोणाचं लेकरू जड, कोणाचं हलकं करत नाई बसली. पण तूच लिहिलं होतं, माणूस फक्त खटका सोडते, पुढचं आपोआप होते. पाह्य न कसं झालं. खटका हेमराजनं सोडला, अन् पुढचं आपोआप अंकुशवर आलं, पोचूवर आलं, आता तुह्यावर येऊन राह्यलं. ज्यानं सोडला त्याच्यावर तेवढं नाई आलं.

एक सांग. तू त्याले तोंडावर विचारलं काय? का त्याच्या तोंडून आयकाचं भेव वाटते?

सुकरी


बल्लारपूर
२५ एप्रिल २०२३

बाई,

नव्हतं विचारलं. तुझं पत्र आल्यावर विचारलं.

धंद्यातल्या दोन पाहुण्यांना जंगल दाखवायला नेलं होतं म्हणाला. रायफल मला न सांगता नेली. गोळ्या त्यानेच झाडल्या, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. मी म्हटलं, तुझ्या आतेभावाचं पोर जेलात आहे, तुला माहीत होतं? म्हणाला, "बाबा, त्याच्या घरात भरमार सापडली न. तो तसाही गेलाच होता." मोबाइलकडे बघत म्हणाला.

बाई, मी हजारो बंदुका उघडून पाहिल्या. कुठला भाग झिजला ते बोटाला कळायचं. घरात मला कळलं नाही.

मी ओरडलो नाही. त्याच्यासमोर ताटावर बसलो आणि ताट पुढे सरकवलं. दुपारी तसंच, संध्याकाळी तसंच. सूनबाईने त्याला विचारलं, सासरे का जेवत नाहीत? चौथ्या दिवशी सकाळी मोजे घालत म्हणाला, कधी जायचं?

उद्याच्या गाडीने निघतो. आधी ठाण्यात रायफल जमा करू, मग वकिलाकडे. तू स्टेशनवर येऊ नकोस. तुझ्यासमोर त्याला चालवत आणायला मला जमणार नाही.

लच्छू


कारवाटोला
३ मे २०२३

लच्छू, जय सेवा.

अक्षर बदललं म्हून घाबरू नको. अंकुश लिहून राह्यला. याचं अक्षर चिखलात कोंबडी चालल्यासारखं, पण मी बोलते तेवढं सारं लिहिते, बायकोसारखी कंजुषी नाई करत. दिव्यानी तिकडं बसून हसून राह्यली. किती दिसांनी हसली.

अठ्ठावीसले याले जामीन भेटला. सांबराच्या गुन्ह्यातून याचं नाव काढाले वकिलानं अर्ज देला आहे. भरमारीची केस राह्यली, थे खरं म्हंजे माही. आठवण म्हून ढोलीत मीच ठेवली होती. सरकारात जमा करा म्हून गावात दोनदा सांगून गेले, मी दोन्ही वेळा बहिरी झाली. आता याच्यासंगं तारखा मी पण करीन.

कोर्टाच्या वऱ्हांड्यात तू मले पाहून खांबाच्या आड झाला. खांब बारीक, तू जाडा.

हेमराजनं सारं सांगतलं, तवा मी त्याच्याकडे पाह्यलं नाई. पोलिसाच्या गाडीत बसवून नेतानी पाह्यलं. त्यानं हात जोडले. मी नाई जोडले. अजून मन होत नाई, होईन तवा जोडीन. त्याचं नाव सांगतलं तं अंकुशनं पेन ठेवला, उठून पाणी प्याला, अन् मंग लिहिलं. पण लिहिलं, हे तू पाह्यजो.

हेमराजच्या पुढच्या तारखेले तू एकटा जाऊ नको. मी येते संगं. सुनेले अन् लेकरांना शाळा सुटली की इथी धाड, लेकरांनी कोणाचं काई केलं नाई.

परवा आलेल्या कार्डावर तू लिहिलं, जेवतो, बरा आहे. माह्या विश्वास नाई. पत्रात तू याच्या आधी पण खोटं लिहिलं आहे. म्हून शनिवारच्या गाडीनं ये, अन् माह्यासमोर ताटावर बस. मी डोळ्यानं पाहीन, मंग मानीन.

स्टेशनवर अंकुश येईन तुले न्याले. त्याले अजून विचारलं नाई, पण लिहिलं तं आहे त्यानंच.

तुही बाई,
सुकरी